पहिल्या रांगेतली शेरीफ

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी, ठेंगणी आणि खरे सांगायचे तर बरीच चिडकी. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी नाव सांगतात. मला ती सोय नाही. मला दोन नावे आहेत. एक मला मिळायला हवे होते ते मिळाले नाही, आणि जे मिळाले ते मला आजतागायत पटलेले नाही. तेव्हा नावाचे राहू द्या, आधी जन्माचे सांगते.

माझा जन्म जपानमध्ये, समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. पत्रा, काच, चाके, इंजिन असे करत करत मी शेवटच्या टप्प्यावर आले. तिथे दोन बायका दोन खोकी घेऊन उभ्या होत्या. एका खोक्यात 'कोहारू' अशी चकचकीत अक्षरे होती. दुसऱ्या खोक्यात पाच टोकांच्या पत्र्याच्या चांदण्या होत्या आणि 'शेरीफ' अशी अक्षरे होती. माझ्या पुढे जी गाडी होती तिचा रंग माझ्यासारखाच गडद पिवळा. इंजिन तेच, गाद्या त्याच, दाराच्या कड्यासुद्धा त्याच. आमच्यात फरक होता तो चार मिनिटांचा. तिला पहिल्या खोक्यातली अक्षरे लावली. मग त्या बाईने हातातला कागद बघितला, दुसऱ्या खोक्यात हात घातला आणि माझ्या नाकावर चांदणी बसवली. झाले. तेवढ्यात मी अमेरिकन झाले!

शेरीफ म्हणजे घोड्यावर बसून गुंडांच्या मागे लागणारा माणूस. आणि मी कोण, तर शेजारून मोठा ट्रक गेला की रस्त्याच्या कडेला सरकणारी गाडी. पण माझे मत विचारतो कोण? ज्या अमेरिकन कंपनीला छोटी गाडी स्वतः बनवायला वेळ नव्हता, तिने मला विकत घेऊन आपले नाव दिले होते. पुढे तीन आठवडे जहाजाच्या पोटात ती कोहारू आणि मी शेजारी शेजारी उभ्या होतो. मी तिला बहीण म्हणते. बंदरावर उतरल्यावर तिला एका वाहनावर चढवले, मला दुसऱ्या. तिच्या नावाच्या दुकानात ती गेली, माझ्या नावाच्या दुकानात मी. आणि ही दोन दुकाने एकाच रस्त्यावर समोरासमोर होती, ही आणखी गंमत.

गाव होते हॅमट्रॅमिक, डेट्रॉइटच्या पोटातले. तिथे घरटी एक माणूस तरी गाड्यांच्या कारखान्यात होता, किंवा कारखाना बंद पडेपर्यंत होता. चेस्टर पिलार्स्कीचा कारखाना आदल्याच हिवाळ्यात बंद पडला होता. सव्वीस वर्षे त्याने एकच काम केले होते, इंजिनला बेताने पेट्रोल पाजणारे कार्ब्युरेटर जोडायचे. आता तो घरी होता, आणि त्याची बायको लॉटी हिला गावाबाहेरच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळाले होते. तिथवर बस जात नव्हती. घरात येणारा पगार तेवढा एकच होता, आणि त्यासाठी गाडी हवी होती.

त्या गावात परदेशी गाडी दारात उभी करणे म्हणजे शेजाऱ्यांची अंडी अंगावर घेणे, कारण परदेशी गाड्यांनीच आपले कारखाने बंद पाडले असे सगळे म्हणत. दुकानात चेस्टरने माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि चांदणीवर बोट ठेवून विचारले, "आपलीच ना?"

"अगदी आपली," दुकानदार म्हणाला.

दोघांनीही माझे दार पूर्ण उघडले नाही. कारण दाराच्या कडेला एक छोटी पट्टी होती आणि मी कुठे जन्मले ते तिच्यावर स्वच्छ लिहिलेले होते. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी चेस्टरने युनियनचा गोल कागदी बिल्ला आणला आणि बरोबर त्या पट्टीवर चिकटवला. खाली हवेचा बुडबुडा राहिला होता, तो त्याने अंगठ्याने दाबून दाबून बाहेर काढला. मित्रांनो, तो अंगठा मी कधी विसरले नाही.

लॉटीला मात्र मी नावे ठेवणार नाही. ती पहाटे पाचला मला बाहेर काढायची. दर शनिवारी फाटक्या नाइटगाऊनच्या चिंधीने तेलाची कांडी पुसून तेल बघायची. ईस्टरआधीचे उपास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी माझी मागची गादी पाँचक्यांच्या खोक्यांनी भरून जायची. जॅम भरलेले ते तळलेले गोळे ती साऱ्या गल्लीत वाटायची, आणि त्यांची पिठीसाखर अजून माझ्या शिवणींत अडकलेली आहे. वाटेत ती माझ्याशी बोलायची. "चल गं शेरीफ, चढ एवढा चढ, पुढे सगळा उतारच आहे." पुढे उतार नसायचा. तिला ते माहीत होते आणि मलाही.

युनियनच्या हॉलसमोर गाड्या लावायचे मैदान होते. दारावर मोठी पाटी होती. परदेशी गाड्यांनी लांब कुंपणापाशी उभे राहावे, अशा अर्थाची, पण शब्द याहून बरेच वाईट. तिथे एडी कुझ्मियर्झ घडीच्या खुर्चीत शिट्टी घेऊन बसलेला असायचा. तोही चेस्टरबरोबरच कामावरून घरी बसला होता, आणि आता गाड्या लावण्यावर त्याचा जीव होता. तो माझी चांदणी बघायचा आणि शिट्टी फुंकून मला पहिल्या रांगेत घ्यायचा. एकदा एक कोहारू आली, तर तिला त्याने कुंपणापाशी चिखलात घातले. आमची तोंडे एकसारखी होती हो! अख्ख्या मैदानाला दिसत होते. सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळ्यांनीच ते अंगठ्याखाली दाबून ठेवले होते.

तिसऱ्या वसंतात मला त्रास सुरू झाला. सिग्नलला उभी राहिले की मी गुदमरून बंद पडू लागले. लॉटी चेस्टरला सांगायची, तर तो म्हणायचा, "पेट्रोल खराब असेल." मग म्हणायचा, "तू पाय लवकर काढतेस." सव्वीस वर्षे कार्ब्युरेटर जोडणाऱ्या माणसाच्या दारात गाडी कार्ब्युरेटरमुळे बंद पडते, हे त्याला ऐकायचेच नव्हते. त्यापायी लॉटीला दोनदा उशीर झाला. दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघराच्या मुख्य बाई, मिसेस हेवरकँप, मागच्या दारापर्यंत आल्या.

"लॉटी, हात तुझे चांगले आहेत," त्या म्हणाल्या, "पण तीनशे पोरं घड्याळ बघून जेवतात. सुट्टीनंतर एक दिवस जरी उशीर झाला, तर मला दुसरी बाई बघावी लागेल. आधीच सांगून ठेवते."

सुट्टी लागली, जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये लॉटीने जेवणाचे ताट टेबलावर आपटले तेव्हा कुठे चेस्टरने माझे बॉनेट उघडले. वीस मिनिटांत त्याला दोष सापडला. संडासाच्या टाकीत पाण्याबरोबर वर येणारा गोळा असतो ना, तसा एक तरंगता तुकडा कार्ब्युरेटरमध्ये असतो. त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल पुरेसे भरले की तो वर येतो आणि पेट्रोल बंद करतो. माझा फ्लोट काळ्या हलक्या प्लॅस्टिकचा होता. तो पेट्रोल पिऊन जड झाला होता आणि वरच येत नव्हता. मी अक्षरशः बुडत होते. अंगठ्याएवढा तुकडा! तेवढा बदलला की झाले.

चेस्टरने तो तुकडा तात्पुरता परत बसवला, त्याचे चित्र कागदावर काढले आणि मला जिथून आणले त्या दुकानात तो मला घेऊन गेला. मला बाहेर उभी केली होती, पण दार उघडे होते.

"कुठली गाडी?" काउंटरवरच्या माणसाने विचारले.

"शेरीफ."

त्याने जाड पुस्तक चाळले. "फ्लोट सुटा मिळत नाही. अख्खा कार्ब्युरेटर मागवावा लागेल. सहा आठवडे."

"अरे बाबा, मला एवढंसं हवंय."

"यादीत एवढंसं नाही, साहेब."

"मी असले लाखभर जोडलेत आयुष्यात! तू मला शिकवतोस?"

"मग त्यातला एखादा घरी नेला असतात तर बरं झालं असतं," तो माणूस म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रस्त्याच्या पलीकडे बहिणीचे दुकान होते. चेस्टरने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. त्या दारात पाय ठेवणार नाही असे त्याने हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलून ठेवले होते. मग एका सकाळी लॉटी त्याला न सांगता माझे कागद पर्समध्ये घालून स्वतः गेली. परत येऊन माझ्या आत बसली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटून म्हणाली, "ते म्हणतात, ही आमची गाडी नाही! नंबर त्यांच्या यादीत नाही म्हणे. मी म्हटलं, बाहेर येऊन बघा तरी. तर म्हणतात, चांदणी कोणाची आहे त्यांना विचारा."

बघितलेत? मी इथली नाही आणि तिथलीही नाही. शाळा उघडायला बारा दिवस राहिले होते.

अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाचा. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार. युनियनच्या मैदानात दरवर्षीप्रमाणे जत्राच होती. सॉसेज भाजत होते, आंबवलेल्या कोबीचा वास सुटला होता, अकॉर्डियन चालू होते. आणि बेकार घरांना धान्य देण्यासाठी एक खेळ ठेवला होता. एक डॉलर द्या, घणाचा एक घाव घाला. कशावर? परदेशी गाडीवर. त्या खेळाचे घण चेस्टरच्या तळघरात होते, म्हणजे ते नेले कोणी? मी नेले, माझ्या डिकीतून. चार गल्ल्यांचे अंतर, तेवढ्यात दोनदा बंद पडले. एडीने शिट्टी फुंकली आणि मला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध उभे केले.

माझ्यापासून दहा पावलांवर त्यांनी ती गाडी आणून ठेवली होती. मागून कोणीतरी ठोकलेली, पुढून धडधाकट. गडद पिवळी. कोहारू. ती तीच होती, असे मी शपथेवर सांगणार नाही. अशा हजारो होत्या. पण रंग तोच होता आणि नाक तेच होते, फक्त त्यावर चांदणी नव्हती.

पहिला घाव चेस्टरचा, कारण तो सगळ्यांत जुना. लोक ओरडत होते, "काचेवर मार! काचेवर!" चेस्टर म्हणाला, "काच काय कोणीही फोडेल," आणि त्याने तिचे बॉनेट उघडले. घाव कुठे लागतो हे त्याला बरोबर माहीत होते. बॉनेट उघडल्यावर तो अर्धा क्षण थांबला. मी बघितले. आत जे होते ते त्याने ऑगस्टमध्ये माझ्या पोटात बघितले होते. नळी न नळी तीच. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितले, मग माणसांकडे बघितले. आणि घण उचलला. मित्रांनो, त्याला कळत नव्हते असे नाही. कळूनही त्याने घण उचलला, याचाच मला राग आहे.

घाव बसला. वरचे झाकण चेपले आणि कार्ब्युरेटरचा एक कान तुटून उडाला. टाळ्या पडल्या.

"चेस्टर!" लॉटी सॉसेजच्या टेबलामागून पळत आली. तिच्या हातात चिमटा तसाच होता. "थांब! चेस्टर, थांब, हे तर आपलं आहे!"

"लॉटी, घरी जा."

"घरी जाते. उद्या पण घरीच बसते. बसू ना?" तिने बोट दाखवावे तसा चिमटा त्या उघड्या इंजिनकडे रोखला. "ह्याच्या आत माझी नोकरी आहे. हाच तुकडा. हाच, जो तुला सहा आठवडे मिळत नाही. आणि तू घण घालतोस?"

मागून कोणीतरी हसले. एडी खुर्चीतून उठला. "लॉटी, अगं ही परदेशी आहे. तुमची शेरीफ आहे."

"माझीपण परदेशीच आहे! एडी, तुला माहीत नाही होय? तीन वर्षं शिट्टी फुंकतोयस, डोळे घरी ठेवून येतोस?"

"चांदणी आहे की तिला."

"तुझ्या टोपीला लावली चांदणी, तर तू होशील का शेरीफ?"

रांगेत चाळीस-पन्नास माणसे डॉलर हातात घेऊन उभी होती. चेस्टरनंतरचा माणूस घण सरसावून आला आणि म्हणाला, "चेस्टर, हो बाजूला, माझा नंबर आहे." चेस्टर हलला नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. सव्वीस वर्षांचे सोबती समोर होते, आणि जे त्याने तीन वर्षे बिल्ल्याखाली झाकले होते ते बायकोने भर मैदानात उघडे केले होते. मला वाटले, आता हा दुसरा घाव माझ्यावर घालतो की काय.

त्याने घण खाली ठेवला. मग त्या इंजिनवर दोन्ही हात पसरून तो वाकला आणि म्हणाला, "दहा मिनिटं. मला दहा मिनिटं द्या, मग काय करायचं ते करा."

"कशाला?"

"माझ्या बायकोला उद्या सहाला कामावर जायचंय. माझ्या बायकोची गाडी हीच आहे. बस झालं? आता स्क्रू ड्रायव्हर आहे का कोणाकडे?"

आठ-दहा माणसांच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर निघाले. शेवटी सगळे कारखान्यातलेच. चेस्टरने फुटलेले झाकण उचकटले, आतला काळा तुकडा दोन बोटांनी अलगद काढला आणि कानाशी नेऊन हलवला. कोरडा होता. हलका होता. मग तो माझ्याकडे आला. पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, त्याने माझे बॉनेट उघडले. तो तुकडा माझ्या आत असा बसला, जणू तिथलाच होता. तिथलाच होता म्हणा. लॉटीने चावी फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. उभ्या जागी दोन मिनिटे चालत राहिले, एकदाही गुदमरले नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एडीने घसा खाकरून विचारले, "मग आता... चालू करायचं?"

चेस्टर बाजूला झाला. धान्याचे पैसे जमायचे होते, रांग उभी होती. लॉटीने मला मागे घेतले आणि फाटकाबाहेर काढले. गल्लीच्या टोकापर्यंत मला मागून काचांचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे आधी लॉटी शाळेच्या मागच्या दारात होती. मिसेस हेवरकँपनी घड्याळ बघितले, तिच्या हातात केसांची जाळी दिली आणि एवढेच म्हणाल्या, "बटाटे सोलायचेत." गाडीतून उतरताना लॉटीने माझ्या टपावर दोनदा थोपटले. ती नोकरी तिने पुढे अकरा वर्षे केली.

पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये सभा होती. निघायच्या आधी चेस्टरने पत्र्याच्या पात्याने माझ्या दारावरचा तो बिल्ला खरवडून काढला. मैदानात शिरलो तशी एडीने सवयीने शिट्टी फुंकली आणि हात पहिल्या रांगेकडे केला. चेस्टरने मला सरळ पुढे नेले, कुंपणाकडे, चिखलात.

"अरे चेस्टर, पुढे जागा आहे!"

"माहीत आहे."

घ्या! तीन वर्षे खोट्या नावाने डांबरावर, आणि आता खऱ्या नावाने चिखलात. मला काय वाटते ते याही खेपेला कोणी विचारले नाही. बहिणीला भंगारात नेऊन टाकले होते, पण खेळ संपल्यावर तिला कुंपणापाशी जिथे ओढून ठेवले होते तिथे गवतात काचांचा सडा होता. मला आत घेण्याआधी चेस्टर खाली उतरला. कॉफीचा रिकामा डबा घेऊन गुडघ्यांवर बसला आणि माझ्या चाकांच्या वाटेतली एकेक काच वेचू लागला. थोड्या वेळाने एडी शिट्टी गळ्यात तशीच ठेवून आला आणि पलीकडच्या बाजूने वेचू लागला. सभा सुरू झाली तरी ते वेचतच होते.

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिचे तेल बघत जा, ती गुदमरते असे कोणी सांगितले तर पहिल्याच दिवशी ऐका, आणि ती कोणाची, कुठली हे तिच्या नाकावर न वाचता बॉनेट उघडून वाचा. घण हातात घेण्याआधी वाचलेत तर फारच बरे.

जानेवारीच्या थंडीत आजूबाजूच्या मोठमोठ्या गाड्या खोकत बसतात तेव्हा मी अजूनही पहिल्या चावीला सुरू होते. जाणारे-येणारे थांबतात. "वा, शेरीफ! दणकट," असे म्हणतात आणि माझ्या चांदणीवर थाप मारून पुढे जातात. चांदणी कधीच गंजून पोकळ झाली आहे. मी आतल्या आत चिडते आणि चालत राहते, कारण चालवणारा तुकडा माझा नाही, बहिणीचा आहे.